गुहेच्या वाटेवरची मयत

धामणखोरीची गुहा वाशिमहून काही चंद्रावर नाही. मालेगाव ओलांडायचं, अकोल्याच्या रस्त्याला लागायचं, घाटाच्या अलीकडे आत वळायचं, जंगलातलं फाटक पार करायचं, की आलं गाव. पण नरेंद्र सरांना एवढी वाट पिंकी सातवीत असल्यापासून पुरी करता आली नव्हती. रस्ता खराब होता म्हणावं, तर तसंही नाही. अडचण होती ती मालेगावची.

मालेगावच्या ऐन चौकात सरांच्या साळ्याचं, अमरदीपचं, मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी अमरदीपचं अर्धं लक्ष रस्त्यावर असे. सरांची गाडी दिसली की तो हातात असेल ते टाकून आडवा यायचा. "भाऊजी, घोटभर च्या घेऊन जा." त्या घोटभर चहाचा नाश्ता व्हायचा, नाश्त्याचं जेवण, जेवणावर सासूबाई पलंग टाकून द्यायच्या, आणि सर डोळे चोळत उठायचे तेव्हा उन्हं कललेली असायची. एकदा सरांनी मनाचा हिय्या करून गाडी तशीच दामटली. अमरदीपने मोटारसायकलवर पाठलाग करून त्यांना परत आणलं. वर सासूबाईंनी, म्हणजे भागिरथाबाईंनी, जावई दारावरून तसेच गेले म्हणून असा अबोला धरला की तो सोडवायला पुन्हा मालेगावलाच जेवायला जावं लागलं.

सर भूगोल शिकवायचे. ज्वालामुखीचा धडा आला की त्यांच्या अंगात यायचं. लाल खडू संपेपर्यंत ते फळ्यावर डोंगर फोडायचे. 'आपण बसलोय ती सगळी जमीन म्हणजे थंड झालेला लाव्हा,' हे वाक्य ते अशा थाटात म्हणायचे की जणू तो त्यांनीच पसरवला होता. एवढं असून ज्वालामुखीची म्हणावी अशी एकही गोष्ट त्यांनी स्वतः पाहिली नव्हती. मग कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत धामणखोरीचे पुंजाजी शेजारी बसले. नात्याने ते भागिरथाबाईंचे मावसभाऊ. वरणात भाकर कुस्करता कुस्करता ते म्हणाले, "आमच्या वावरामागच्या टेकडीत भोगदा आहे. आतून धान्याच्या कणगीवानी गोल." सरांचा घास तसाच राहिला. आतून गोल म्हणजे लाव्हा वाहून गेलेली गुहाच! घरी येऊन त्यांनी सातवीतल्या पिंकीला शब्द दिला, "तुला ती गुहा मी दाखवणार."

पिंकी शिकली, पास झाली, तिला हैदराबादला नोकरी लागली, आणि गुहा राहिली ती राहिलीच. सोमवारी संध्याकाळी तिची बस होती. शनिवारी सरांनी जेवताना जाहीर केलं, "उद्या गुहा."

"राहू द्या ना पप्पा, माझी बॅग भरायची आहे," पिंकी म्हणाली.

"उद्या गुहा," सर म्हणाले. त्यांची बायको धम्मदीपा हिने त्यांच्या ताटात भाकर वाढली. दवाखान्यात नर्स असल्यामुळे हट्टी पेशंटशी वाद घालू नये हे तिला ठाऊक होतं.

परवानगीचा सोपस्कार मात्र सरांनी आधीच उरकायला घेतला होता. आठवडाभर ते एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरत होते. पहिल्या ठिकाणी सांगितलं, गुहा म्हणजे जुनी वास्तू, त्यामुळे ती आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, कोणी कोरलेली नसेल तर ती वास्तू नाही, खड्डा आहे. तिसऱ्या ठिकाणचे साहेब फारच सज्जन. त्यांनी नकाशा उलगडला, चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "सर, ही गुहा कागदावर नाहीच. जी नाही तिच्यात जायची परवानगी कशी देऊ? आणि नाही तरी कशी म्हणू?" सरांना हे इतकं तर्कशुद्ध वाटलं की ते आभार मानून बाहेर पडले आणि पायऱ्या उतरल्यावर त्यांना राग आला.

शनिवारी रात्री शेजारचे माणिकराव सल्ला द्यायला आले. त्यांनी उभ्या जन्मात गुहा पाहिली नव्हती, त्यामुळे त्यांचं मत अगदी ठाम होतं. दोर न्या, विजेरी न्या, खिशात कांदा ठेवा. कांदा कशाला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सरांनीही विचारलं नाही. पण मालेगावचं नाव निघालं तसे माणिकराव पुढे सरकले.

"सर, त्याच्यावर एकच इलाज आहे. सांगायचं, मयतीले चाललो. मयतीले चाललेल्या माणसाले कोणी च्या विचारत नाही, कोणी अडवत नाही. हात जोडते आन् रस्ता देते."

सर रात्रभर अस्वस्थ होते. खोटं बोलणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पण मालेगावात जेवणंही आता बसत नव्हतं.

सकाळी ते निघाले. सरांनी नवे बूट घातले होते. पिंकीने टोपी. मागच्या सीटवर दोर, विजेरी आणि चिवड्याचा डबा. मालेगावचा चौक आला आणि अमरदीप दुकानाच्या पायरीवरून उतरून आडवा झालाच.

"भाऊजी! घोटभर च्या..."

"मयतीला चाललोय," सर खिडकीतून म्हणाले, आणि चेहरा जमेल तितका पाडला.

अमरदीपचा हात खाली आला. त्याने डोक्यावरची टोपी काढली. सरांना माणिकरावांचे पाय धरावेसे वाटले. त्यांनी गिअर टाकला.

"कोण गेलं?" अमरदीपने विचारलं.

आता माणिकरावांनी सगळं सांगितलं होतं, फक्त याचं उत्तर सांगितलं नव्हतं. सरांना त्या दिशेचं एकच नाव आठवलं. "धामणखोरीचे पुंजाजी," ते बोलून गेले. लगोलग त्यांनी मनाची समजूतही घातली. पुंजाजी लग्नातच इतके थकलेले होते की एव्हाना ते गेलेच असणार. तेव्हा हे खोटं नव्हे, फार तर उशिरा दिलेली बातमी.

"पुंजाजीमामा?" अमरदीपचे डोळे भरले. "कवा?"

"सकाळी," सर म्हणाले. उशिरा दिलेली बातमी एकदम ताजी झाली.

"आन् आमाले कोणी फोनबी नाही केला! आई! वो आई! पुंजाजीमामा गेले!"

दुकानाच्या मागेच घर. आतून आधी भांडं पडल्याचा आवाज आला आणि मागोमाग भागिरथाबाईंचा. "दादा रे माह्या! मले न सांगता काहून गेला रे!"

धम्मदीपाने सरांकडे नुसतं पाहिलं. इंजेक्शन देण्याआधी ती असं पाहत असे. "आता सांगून टाका," ती दबक्या आवाजात म्हणाली. सर सांगणारच होते. पण तेवढ्यात भागिरथाबाई बाहेर आल्या, खिडकीतून जावयाच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाल्या, "जवाईबापू, पोटच्या पोरानं नसती आठवण ठेवली, तुमी ठेवली. लाखात एक माणूस हाये तुमी." इतकी वर्षं सासरी त्यांच्याविषयी असं कोणी बोललं नव्हतं. सरांनी खरं सांगायचं पुढे ढकललं. पिंकीने तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि तिचे खांदे हलत होते ते रडण्याने नव्हे.

पुढचं सगळं अमरदीपने हातात घेतलं. त्याने धामणखोरीला फोन लावला. तिकडे रेंज कधीच नसते, त्यामुळे तो लागला नाही. "पाहा, घरात फोन उचलाले कोणी नाही," तो म्हणाला, आणि बातमी पक्की झाली. त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर पुंजाजींचा फोटो टाकला. दुकानाचं शटर पडलं. एक छोटा मालवाहू टेम्पो आला. पांढरी लुगडी, पांढऱ्या साड्या आल्या, हार आला, मेणबत्त्या आल्या. मयतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणींनी पिठल्याचं पातेलं आणि भाकरींची चळत टेम्पोत चढवली. सरांच्या गाडीत सामान ठेवायला गेलेल्या अमरदीपला तो दोर दिसला.

"तिरडीसाठी आणला नं?" तो गहिवरून म्हणाला. "लय पुढचा विचार करता भाऊजी तुमी."

सरांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते त्यांनाही कळलं नाही.

एक मात्र खरं. मालेगाव मागे पडलं. चहा न घेता मागे पडलं. सर स्टिअरिंगवर ताठ बसले. मागे टेम्पोभर माणसं रडत येत होती, मध्येच कुठल्या गावाच्या फाट्यावर आणखी दोन मोटारसायकली येऊन मिळाल्या होत्या, पण गाडी गुहेच्या दिशेने चालली होती. "गावाबाहेर थांबून सगळं खरं सांगतो," ते म्हणाले.

"नक्की?" पिंकीने विचारलं.

"नक्की. पण आधी गाव तर येऊ दे. परत फिरायचं नाही आता."

जंगलातल्या फाटकाशी खाकीतला रखवालदार उभा होता. पास नसेल तर आत सोडत नाही, अशी त्याची ख्याती. त्याने हात वर केला, मग टेम्पोतल्या पांढऱ्या साड्या पाहिल्या आणि हात तसाच कपाळाशी नेला.

"कोण गेलं जी?"

"धामणखोरीचे पुंजाजी," अमरदीप म्हणाला.

"अरे बापरे! काल सांजेलेच तं बकऱ्या घेऊन चालले होते!"

"म्हून तं धक्का आहे नं," अमरदीप म्हणाला. रखवालदाराने फाटक उघडलं. तीन कार्यालयांनी आठवडाभर जे केलं नव्हतं ते पांढऱ्या साड्यांनी क्षणात केलं. सर मात्र मनात हिशोब करू लागले. काल सांजेले, म्हणजे पुंजाजी जिवंत होते.

गावाबाहेर थांबायचा त्यांचा बेत पार पडला नाही, कारण गाव मुळात इतकं लहान की बाहेर म्हणेपर्यंत आत आलेलं असतं. पुंजाजींची म्हातारी, रंगूबाई, अंगणात तुरीच्या शेंगा बडवत होती. टेम्पोतून भागिरथाबाई उतरल्या आणि हंबरडा फोडून तिच्या गळ्यात पडल्या. पांढऱ्या साडीतली नणंद रडते आहे हे पाहून रंगूबाईंनाही रडू फुटलं. दोघी एकमेकींना धरून चांगल्या रडल्या. पदराने डोळे पुसून रंगूबाईंनी मग विचारलं, "पण बाई, गेलं कोण वं?"

"म्हंजे? दादा नं वं! तुहा मालक!"

रंगूबाईंनी मळ्याच्या वाटेकडे पाहिलं. तिकडून पुंजाजी येत होते. एका हातात काठी, दुसऱ्यात लोटा. अंगणात इतकी माणसं पाहून ते थांबले, लोटा खाली ठेवला, धोतर नीट केलं आणि गंभीरपणे म्हणाले, "आरं आरं. कोण गेलं?"

मग सगळ्यांच्या माना एकेक करून नरेंद्र सरांकडे वळल्या.

सर गाडीतून उतरले. वर्गात इन्स्पेक्टर आल्यावर उभे राहत तसे उभे राहिले. "कोणी गेलेलं नाही," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. मला गुहा पाहायची होती."

"गुहेपायी माह्या भावाले मारलं?" भागिरथाबाईंचा आवाज टिपेला गेला. "आन् मी तुमाले लाखात एक म्हणली!"

"ते परत घ्या," सर मान खाली घालून म्हणाले.

अमरदीप दुकान बंद केल्याचं बोलला. मोटारसायकलवाले हरभऱ्याचं काम सोडून आल्याचं बोलले. सर सगळं ऐकत होते. नाकाच्या शेंड्यापर्यंत लाल झाले होते, पण जागचे हलले नाहीत. पुंजाजींनी मात्र सगळ्यांना हाताने गप्प केलं. त्यांना काही गोष्टी नीट समजून घ्यायच्या होत्या.

"मी गेलो हे रिठदच्या सोयऱ्याइले कळवलं होतं?"

"ग्रुपवर टाकलं, मामा," अमरदीप म्हणाला.

"मंग ते काहून नाही आले?" पुंजाजींना ते चांगलंच लागलं. मग त्यांनी फोनवर आपला फोटो पाहिला. "हा कायले टाकला? फेट्यातला होता नं माह्या चांगला." टेम्पोत हार दिसला तो त्यांनी मागून घेतला आणि गळ्यात घातला. आणलेला आहे तर वाया कशाला घालवायचा. "किती दिसानं इतके लोक आले रे अंगणात," ते म्हणाले. "रंगू, च्या टाक. पिठलं-भाकर तं आणलंच हाये यायनं. जेवल्याबिगर कोणी हलाचं नाही."

चहा. जेवण. मग पलंग टाकतील. सरांच्या डोळ्यांपुढे मालेगावची सगळी वर्षं उभी राहिली.

"नाही," ते म्हणाले.

मयतीतून उठलेल्या माणसाच्या घरी चहाला नाही म्हणणं म्हणजे कहरच.

"मामाजी, मला जोड्याने मारा, पण आधी गुहा. माझी पोरगी उद्या हैदराबादला चालली. सातवीत होती तेव्हा शब्द दिला होता तिला. दरवेळी चहा झाला, जेवण झालं, लग्नं झाली, बारशी झाली. आता पोरगीच चालली. आज नाही दाखवली तर मग मी कोणाला दाखवू?"

पिंकी खाली पाहू लागली. आता तिचे खांदे हलत नव्हते.

भागिरथाबाईंनी पांढऱ्या साडीचा ओचा खोचला. "चाला मंग," त्या म्हणाल्या. "बसून कायले राह्यले सारे?"

आणि ती सगळी मयत टेकडीकडे निघाली. पुढे गळ्यात हार घातलेले पुंजाजी, मागे सर, मागे पांढऱ्या साड्यांची रांग. वाट कसली, बोरी आणि हिवराच्या काट्यांमधून शेळ्यांनी पाडलेली फट. कुसळं साड्यांना अशी चिकटली की पांढरा रंग दिसेना. अमरदीप सरांवर रागावला होता, पण दर थोड्या वेळाने "भाऊजी, सांभाळून" म्हणत होता. नव्या बुटांनी सरांच्या टाचा सोलल्या होत्या. ते थांबले नाहीत. धावड्या-सालईच्या झुडपांमागे काळ्या खडकाची एक कपार आली आणि पुंजाजींनी काठीने दाखवलं. "हे पाह्य तुही गुहा."

गुहेचं तोंड म्हणजे जमिनीलगतची एक फट. पिंकी पोटावर सरपटत सहज आत गेली. मागोमाग सर घुसले, आणि बरोबर मध्यावर अडकले.

इतक्या वर्षांचं मालेगावचं जेवण त्यांच्या पोटाभोवती जमा झालेलं होतं. डोकं आत, पाय बाहेर. पुढे सरकवेना, मागे येववेना. बाहेर एकदम सल्ल्यांना ऊत आला. एक म्हणाला श्वास सोडा, दुसरा म्हणाला रोखून धरा. तिरडीचा दोर पायांना बांधून ओढा, असंही कोणी सुचवलं.

"ओढाले लागले तं उद्या सकाळपर्यंत निघत नाही हे," पुंजाजी म्हणाले.

"ओढू नका!" सर आतून ओरडले. "ढकला!"

अमरदीपने भाऊजींच्या बुटांना खांदा लावला. धम्मदीपाने त्यांची पँट कमरेशी धरून वळवली, गादीवरचा पेशंट वळवतात तशी. शर्टाची बटणं एकेक तुटून गेली, कातडी खरवडली, आणि सर धपकन आत पडले.

विजेरी पडताना फुटली होती. अमरदीपने मयतीसाठी आणलेली मेणबत्ती आणि काडेपेटी फटीतून आत सरकवली, ती पिंकीने लावली. आत बसता येईल एवढी जागा होती. वटवाघळांचा उग्र वास येत होता. पण छत खरोखर गोल होतं, काळं, एखाद्या मोठ्या कणगीच्या आतून पाहावं तसं. मेणबत्तीच्या उजेडात दोघं बापलेक धापा टाकत ते पाहत बसले. सरांचा शर्ट उघडा होता, गाल खरचटले होते.

"पप्पा," पिंकी म्हणाली, "शिकवा ना."

सरांनी घसा साफ केला. "लाव्हा वाहत येतो," ते वर्गातल्या आवाजात म्हणाले. "वरचा थर आधी गार होतो. घट्ट होतो. त्याला वाटतं, आता सगळं जागच्या जागी बसलं. पण आतला रस गरम असतो, त्याला थांबवता येत नाही. तो पुढे वाहत राहतो. पुढे पुढे जातो. सगळा निघून जातो. आणि मग वरचं कवच तसंच राहतं, आणि आत..."

त्यांना पुढचं वाक्य पाठ होतं. ते त्यांनी इतक्या वर्गांना सांगितलं होतं की झोपेतही आलं असतं. ते आलं नाही.

"आत काय, पप्पा?"

सरांनी तोंडावर दोन्ही हात घेतले आणि ते रडायला लागले. लहान पोरासारखे, हुंदके देऊन. पिंकीने मेणबत्ती खडकावर ठेवली आणि बापाला मिठी मारली, आणि तिलाही आवरलं नाही. त्या गोल छताखाली दोघांचा आवाज घुमून मोठा झाला आणि फटीतून बाहेर आला.

बाहेर पांढऱ्या साड्यांतल्या बाया काट्यात उभ्या होत्या. सकाळपासून त्या रडायला म्हणून निघालेल्या, आणि पुंजाजींनी जिवंत राहून त्यांचं रडणं अर्ध्यावर तोडलं होतं. आतला आवाज ऐकला आणि धम्मदीपाने आधी पदर तोंडाला लावला. मग भागिरथाबाईंनी गळा काढला. मग सगळ्यांनीच.

पुंजाजी बावरले. "आता काहून रडून राह्यल्या वं तुमी? मी तं जित्ता हाये नं!"

"तुह्यासाठी कोण रडून राह्यलं, दादा?" भागिरथाबाई म्हणाल्या. "पोरगी चालली नं आमची उद्या."

पुंजाजींनी गुहेच्या फटीकडे पाहिलं. मग गळ्यातला हार काढला, काठी बाजूला ठेवली, आणि खडकावर बसून तेही रडू लागले.